नंदुरबार : जहागीर नव्हे, जनपद

२९ सप्टेंबर २०१० या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे एरवी नकाशावर शोधूनही न सापडणारे गाव अचानक साऱ्या देशाला ठाऊक झाले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि काँग्रेसच्या तत्कालीन अध्यक्षा सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक तेथील ग्रामस्थांच्या हाती पडले. कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला, भाषणे झाली, हेलिकॉप्टरे उडाली आणि गाव पुन्हा आपल्या काळोखात परतले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, महाराष्ट्राचा मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला. राज्याचा निर्देशांक ०.७५२, नंदुरबारचा ०.६०४. राज्यात सर्वांत खाली. टेंभलीच्या ग्रामस्थाला बारा आकडी क्रमांक मिळाला, पण त्याच्या जिल्ह्याचा क्रमांक शेवटचाच राहिला.

या विरोधाभासात नंदुरबार लोकसभा मतदारसंघाचा सारा राजकीय इतिहास सामावलेला आहे. येथे नेते आले ते मोजणीसाठी. कधी मते मोजण्यासाठी, कधी गर्दी मोजण्यासाठी, तर कधी छायाचित्रांतली डोकी मोजण्यासाठी. मोजली गेलेली ही माणसे जगतात कशी, हे पाहण्यासाठी थांबलेले मात्र फार थोडे.

‘बालेकिल्ला’ या शब्दाचा अपमान

वर्तमानपत्रांच्या निवडणूक पुरवण्यांत नंदुरबारसाठी वर्षानुवर्षे एक शब्द राखून ठेवलेला असे : ‘काँग्रेसचा बालेकिल्ला’. १९६७ पासून २००९ पर्यंतची प्रत्येक लोकसभा निवडणूक काँग्रेसने येथे जिंकली. १९७७ मध्ये आणीबाणीच्या संतापात उत्तर भारतातून तो पक्ष वाहून गेला, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या, तेव्हाही नंदुरबारमधून सुरूपसिंग नाईक निवडून आले. पुढे १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत माणिकराव गावित सलग नऊ वेळा विजयी झाले. इंदिराजींपासून सोनियाजींपर्यंत गांधी घराण्याच्या सभा येथे झाल्या आणि प्रत्येक वेळी दिल्लीच्या पत्रकारांनी एकच वाक्य लिहिले : येथील आदिवासी हातावर डोळे मिटून शिक्का मारतो.

या वाक्यात कौतुक नाही, घोर उपमर्द आहे. किल्ला हा दगडांचा असतो. त्याला मत नसते, भूक नसते, रागही नसतो. मुंबईचा किंवा पुण्याचा मतदार एका पक्षाला वारंवार निवडून देतो, तेव्हा त्याला ‘जागरूक’ म्हटले जाते. सातपुड्याचा मतदार तेच करतो, तेव्हा त्याला ‘निष्ठावंत’ म्हटले जाते. जागरूक माणसाला उत्तर द्यावे लागते, निष्ठावंताला गृहीत धरता येते. सारी मेख येथेच आहे.

आणि ही निष्ठा तरी अनादिकालापासूनची आहे काय? इतिहास वेगळेच सांगतो. १९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने प्रांत पेटलेला असताना, तत्कालीन पश्चिम खानदेशच्या राखीव मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी लोकसभेत गेले होते. त्याच निवडणुकीत शेजारच्या धुळ्यातून भारतीय जनसंघाचे उत्तमराव पाटील विजयी झाले होते. त्या लोकसभेत जनसंघाचे अवघे चार खासदार होते. बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी हे त्यांतले एक आणि धुळ्याचे उत्तमराव दुसरे. म्हणजे पर्याय समोर उभा राहिला तेव्हा खानदेशच्या मतदाराने तो ओळखला होता. पुढची अनेक दशके तो पर्याय त्याच्या पाड्यापर्यंत पोहोचलाच नाही. हा दोष कुणाचा, याचे उत्तर केवळ काँग्रेसने द्यावयाचे नाही.

सातपुडा ते सह्याद्री : हा प्रदेश कुणाचा?

या मतदारसंघाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. उत्तरेला नर्मदा आणि सातपुडा, मधोमध तापीचे काळे सुपीक खोरे, नैर्ऋत्येला सह्याद्रीच्या उतरत्या रांगा. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशचे दोन भाग केले आणि पश्चिम खानदेश अस्तित्वात आला. तोच पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. २००८ च्या पुनर्रचनेनुसार मतदारसंघात विधानसभेचे सहा विभाग आहेत : नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार व नवापूर आणि धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर. सहाही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेची जागाही राखीवच.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार २९५ होती. त्यांपैकी ६९ टक्क्यांहून अधिक अनुसूचित जमातींचे. अक्राणी तालुक्यात तर दहांतील नऊंपेक्षा जास्त. शंभरांतील त्र्याऐंशी माणसे खेड्यांत राहणारी. साक्षरता ६४.३८ टक्के, तर राज्याची ८२.३४. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, गावित, तडवी, धानका अशा कितीतरी समाजांचा हा प्रदेश आहे. प्रत्येकाची बोली वेगळी, गाणी वेगळी, लग्नाची रीत वेगळी. दिल्लीहून पाहणाऱ्याला मात्र हे सारे ‘आदिवासी व्होट’ या दोन शब्दांत मावते.

याच जनगणनेतला आणखी एक आकडा सहसा कुणी सांगत नाही. दर हजार पुरुषांमागे राज्यात ९२९ स्त्रिया होत्या, नंदुरबारमध्ये ९७८. पदवीधरांच्या वसाहतींत गर्भलिंग तपासणीची यंत्रे लपूनछपून चालत होती, त्या काळात निरक्षर म्हणून हिणवला गेलेला सातपुडा आपल्या लेकींना जन्मू देत होता. मागास कोण आणि सुसंस्कृत कोण, याचा निवाडा केवळ साक्षरतेच्या रकान्यावरून करता येत नाही.

या भूमीची स्मृतीही मोठी आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. डोंगरातल्या भिल्लांना आधी बंदुकीने नमवण्याचा प्रयत्न झाला. तो फसल्यावर १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारून त्यांच्याच हातून त्यांना आवरण्याची युक्ती योजण्यात आली. तरीही १८५७ मध्ये सेंधवा घाटातला खाज्या नाईक उठला आणि पुढच्या वर्षी अंबापाणीच्या लढाईत भिल्लांनी रक्त सांडले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता तिरंगा हाती घेऊन आपल्या बालमित्रांसह पोलिसांच्या गोळ्यांना सामोरा गेला. डोंगरातला भिल्ल आणि शहरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा या दोघांनी एकाच शत्रूशी झुंज दिली, ही या जनपदाची खरी परंपरा. ‘वनवासी विरुद्ध बाकीचे’ असा तिचा विपर्यास करणाऱ्यांना ती ठाऊक नाही किंवा सोयीची वाटत नाही.

सत्तेचाळीस वर्षांचा हिशेब

१९६७ ते २०१४ या सत्तेचाळीस वर्षांचा हिशेब मागणे हा द्वेष नव्हे, तो लोकशाहीतील साधा व्यवहार आहे. लोकप्रतिनिधी एकाच पक्षाचे, त्यातला बहुतेक काळ राज्यातील आणि केंद्रातील सत्ताही त्याच पक्षाची. माणिकराव गावित २००४ नंतर केंद्रात गृहराज्यमंत्रीही होते. साधेपणाबद्दल त्यांचा सर्वत्र आदर होता आणि त्यांच्या निधनानंतर तो आदर सर्वपक्षीयांनी व्यक्तही केला. प्रश्न एका व्यक्तीचा नाहीच. नऊ वेळा विश्वास टाकणाऱ्या जनतेला त्या विश्वासाचे मोल काय मिळाले, हा प्रश्न आहे.

मोल असे मिळाले : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या अलीकडच्या दोन्ही फेऱ्यांत जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. नर्मदेकाठच्या पाड्यांवर रुग्णाला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो. दिवाळी सरली की डोंगरातली कुटुंबेच्या कुटुंबे चूलबोचके बांधून गुजरातेत ऊसतोडीला निघतात. कोयत्याबरोबर शाळेतले मूलही जाते आणि त्याचे वर्ष तेथेच संपते. तापीच्या खोऱ्यात कापूस, मिरची, पपई, ऊस पिकतो. नंदुरबारच्या मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. त्याच तापीपासून काही कोसांवर डोंगरातला शेतकरी एका पावसावर एक पीक घेतो आणि उरलेले वर्ष दुसऱ्याच्या शेतात काढतो.

शहादा भागात १९७१ मध्ये पाटीलवाडीचे प्रकरण घडले. धान्य लुटल्याचा आरोप ठेवून वनवासींवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या संतापातून अंबरसिंग महाराज उभे राहिले आणि १९७२ च्या भूमुक्ती परिषदेने गहाण पडलेल्या, बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न राज्यासमोर आणला. ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर काँग्रेसने याच १९७१ साली येथून लोकसभेची जागा घेतली होती. अंबरसिंग भजने गाणारे, सर्वोदयाच्या संस्कारात वाढलेले. डाव्यांच्या पुस्तकांत या लढ्याचे श्रेय शहरांतून आलेल्या विचारवंतांना उदारपणे वाटले जाते, परंतु त्याची पहिली ठिणगी भजनी मंडळीच्या माणसाने टाकली होती, हे विसरले जाते.

पुढे सरदार सरोवर आले. १९७९ मध्ये नर्मदा लवादाचा निवाडा झाला. महाराष्ट्रातील तेहतीस गावे बुडिताखाली जाणार हे त्या दिवशीच निश्चित झाले होते आणि ती सारी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील होती. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. धरण राष्ट्राच्या गरजेचे होते, कच्छपर्यंतची तहान भागवणारे होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण राष्ट्रासाठी ज्याने गाव दिले, त्याला पर्यायी जमीन देताना सरकारी कारभाराने जो कालहरणाचा खेळ केला, त्याला क्षमा नाही. आंदोलनाच्या पुढाऱ्यांनी बुडणाऱ्या गावाचे जगभर प्रदर्शन मांडले. सत्ताधाऱ्यांनी फायली सरकवल्या. दोघांच्या मधे सापडलेला माणूस वसाहतीतल्या पत्र्याखाली वाट पाहत राहिला. निवडणुकीत मात्र त्याचे मत बालेकिल्ल्याच्या खात्यावर बिनचूक जमा होत होते.

‘हे हिंदू नाहीत’ म्हणणाऱ्यांचा डाव

मते गृहीत धरणाऱ्यांच्या जोडीला ओळखच पुसू पाहणाऱ्यांची दुसरी फळी आहे. वनवासी समाज हिंदू नाही, तो निराळा आहे, त्याचा उर्वरित समाजाशी संबंध केवळ शोषणाचा आहे, हा सिद्धांत विद्यापीठांच्या चर्चासत्रांतून निघून आता पाड्यापाड्यांवर पोहोचवला जात आहे. त्याचे मूळ कोठे आहे? १९०१ च्या जनगणनेत इंग्रजांनी या समाजांना ‘जडप्राणवादी’ या अर्थाच्या रकान्यात टाकले. १९३१ मध्ये रकान्याचे नाव बदलले, हेतू बदलला नाही. थोर समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्येच या वर्गीकरणातील पोकळपणा दाखवून दिला. साहेबाने आखलेली रेघ साहेब गेल्यावरही पुसायची नाही, उलट ती अधिक ठळक करायची, याला पुरोगामित्व म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

सातपुड्याला स्वतःला काय वाटते? दिवाळीच्या दिवसांत तळोद्याहून अस्तंभ्याच्या शिखराकडे निघणारी यात्रा पाहावी. मशाली आणि काठ्या घेतलेले हजारो तरुण रात्रीच्या रात्र चढत असतात आणि शिखरावर दर्शन घेतात ते महाभारतातल्या अश्वत्थाम्याचे. महाशिवरात्रीला हेच लोक सीमेपलीकडच्या देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या दर्शनाला जातात. काठीच्या राजवाडी होळीला डोंगरातून माणसांचे लोंढे उतरतात. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा परिसरातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी ‘आप’ धर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, स्नान करा, आरतीला या, परस्परांना ‘आप’ म्हणून मान द्या, एवढेच त्यांचे सांगणे. हजारोंनी ते ऐकले. दारूचे गुत्ते ओस पडले, सावकार आणि सरकार दोघेही धास्तावले. त्यांच्यामागे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य चालवले. ना कुणा परदेशी संस्थेचा पैसा, ना कुणा शहरी विद्वानाचे मार्गदर्शन. आपल्या समाजाचा उद्धार आपल्याच भक्तीच्या बळावर करणारी ही परंपरा संतपरंपरेची सख्खी बहीण नव्हे तर काय?

तथापि येथे एक कटू सत्यही स्वीकारले पाहिजे. नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे मिशनऱ्यांनी स्थापन केलेले रुग्णालय अनेक दशकांपासून चालते आहे. धर्मांतराविरुद्ध भाषणे करणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : अडलेली बाळंतीण तेथे का जाते? तिला धर्मशास्त्राची चर्चा करावयाची नसते, तिला डॉक्टर हवा असतो. जेथे सरकार पोहोचले नाही आणि बहुसंख्य समाजाला जाण्याची सवड झाली नाही, तेथे दुसरे कुणी तरी गेले. सेवेच्या बदल्यात श्रद्धेचा सौदा होत असेल तर त्याला विरोध केलाच पाहिजे. पण रिकामी जागा रिकामी ठेवून तो विरोध करता येत नाही. पंचक्रोशीत आपला दवाखाना नसताना दुसऱ्याच्या दवाखान्यावर केवळ अग्रलेख लिहिणे, हा पुरुषार्थ नव्हे.

दहा वर्षांची संधी

२०१४ मध्ये किल्ला ढासळला. भारतीय जनता पक्षाच्या डॉ. हीना गावित यांनी माणिकराव गावितांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये त्या पुन्हा विजयी झाल्या. २०१८ मध्ये केंद्राने नंदुरबारचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला, २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, सुरत-भुसावळ लोहमार्गाचे दुपदरीकरण पूर्ण झाले. जे अर्धशतकात झाले नाही, त्यातले काही दशकात दिसू लागले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

आणि तरीही २०२४ च्या मे महिन्यात काँग्रेसचे अॅड. गोवाल पाडवी सुमारे १ लाख ५९ हजार मतांनी निवडून आले. मतदान सत्तर टक्क्यांच्या वर होते, राज्यातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी एक. ‘घटना बदलणार, आरक्षण जाणार’ हा प्रचार गावोगाव फिरला. तो निखालस खोटा होता. परंतु खोट्या बीजालाही रुजायला भूमी लागते. ती भूमी कशी तयार झाली, याचा विचार प्रचारकाला शिव्या देऊन टाळता येणार नाही. मोठ्या सभेने मन बदलत नाही. पाड्यावरच्या ओट्यावर वर्षानुवर्षे बसणारा, त्याच्या बोलीत बोलणारा, दाखल्यासाठी त्याच्याबरोबर तहसील कचेरीत हेलपाटे घालणारा माणूस ज्याच्याकडे असतो, त्याच्या कानात अफवा शिरत नाही. असा माणूस जेथे नव्हता, तेथे अफवाच पाहुणी म्हणून राहिली.

घराण्यांचाही प्रश्न आहे. काँग्रेसच्या घराणेशाहीवर कोरडे ओढणाऱ्यांनी हेही आठवावे की २०१४ चा विजय राष्ट्रवादी काँग्रेसच्या तत्कालीन मंत्र्यांच्या कन्येच्या उमेदवारीतून आला होता आणि २०२४ चा पराभव एका माजी मंत्र्यांच्या पुत्राकडून झाला. चिन्हे बदलली, आडनावे फिरून फिरून तीच राहिली. भिल्ल, पावरा, मावची समाजांतील सामान्य घरातून आलेला, शाखेत किंवा सेवाकार्यात घडलेला तरुण उमेदवारीच्या रांगेत कितवा उभा आहे? विजयासाठी आयात केलेली पुण्याई विजयापुरतीच पुरते. डॉ. हीना गावित यांनी २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पक्ष सोडून अपक्ष म्हणून अक्कलकुव्यातून नशीब अजमावले, यातून बोध घ्यावयाचा तो घ्यावा.

त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदाराने साऱ्या पंडितांना आणखी एक उत्तर दिले. मे महिन्यात ज्या मतदारसंघाने काँग्रेसला दीड लाखाहून मोठे मताधिक्य दिले, त्याच मतदारसंघातील सहापैकी पाच विधानसभा जागा सहा महिन्यांत महायुतीने जिंकल्या. काँग्रेसला केवळ नवापूर राखता आले. ज्याला ‘डोळे मिटून शिक्का मारणारा’ म्हटले गेले, त्याने एकाच वर्षात दोन वेळा डोळे उघडे ठेवून दोन वेगळे निर्णय दिले. नंदुरबार कुणाचीही जहागीर नाही. काँग्रेसची नाही आणि भाजपचीही नाही.

मोजणीच्या दिवशी माणूस कोठे असेल?

मतांच्या मोजणीपेक्षाही निर्णायक अशी दुसरी मोजणी असते, ती जनगणनेची. २०११ नंतरच्या पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आणि प्रत्यक्ष लोकगणनेसाठी फेब्रुवारी महिना ठरला. मध्यमवर्गीय वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. त्याच्या दारावर प्रगणक येईल, चहा घेईल, माहिती लिहून जाईल. पण फेब्रुवारीत सातपुड्यातला माणूस आपल्या घरी असतो काय?

तो उसाच्या फडात असतो. दक्षिण गुजरातच्या कारखान्यांचा हंगाम त्या वेळी ऐन भरात असतो. डोंगरातल्या कित्येक घरांना काट्याचे झाप लावलेले असते, दारात म्हातारी बसलेली असते आणि कर्ती माणसे होळीची वाट पाहत दूरच्या पालांत झोपलेली असतात. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी हा गणनेचा काळ होता आणि त्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्याची नोंद तो जेथे असेल तेथे करावी, असा नियम होता. नियम म्हणून त्यात गैर काही नाही. परिणाम मात्र असा की पाड्यावरची माणसे दुसऱ्या राज्याच्या, दुसऱ्या तालुक्याच्या खात्यावर मांडली जाण्याचा किंवा उसाच्या पाल्यात कुठेच न मांडली जाण्याचा धोका राहतो. २०२७ ची होळी मार्चच्या उत्तरार्धात येते, म्हणजे गणनेनंतर.

हा निव्वळ आकड्यांचा घोळ नव्हे. धान्याचा कोटा, अंगणवाड्या, आश्रमशाळा, जनजाती उपयोजनेचा निधी हे सारे लोकसंख्येवर ठरते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आणि नंतर ८४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. आज ना उद्या मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या जातील. राखीव जागा किती आणि कोठे, हे त्या वेळी जमातींच्या लोकसंख्येवरूनच ठरवले जाते. पोटासाठी परराज्यात गेलेल्या माणसाची अनुपस्थिती त्याच्या प्रतिनिधित्वाच्या मुळावर यावी, याहून क्रूर थट्टा कोणती? आरक्षण धोक्यात असल्याची हाकाटी पिटणाऱ्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी या खऱ्याखुऱ्या धोक्याविषयी आवाज उठवला? त्यांना भीती हवी असते, भीतीचे निवारण नको असते.

येथे कार्यकर्त्याला काम आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या याद्या हंगामाआधीच गावागावांत तयार झाल्या पाहिजेत. पालांवर प्रगणक पोहोचेल, यासाठी दोन्ही राज्यांच्या प्रशासनाकडे पाठपुरावा झाला पाहिजे. गावी राहिलेल्या वृद्धांना प्रश्नावली त्यांच्या बोलीत समजावून दिली पाहिजे. या कामात भाषण नाही, फलक नाही, छायाचित्रही नाही. म्हणूनच ते पुढाऱ्याचे नाही, स्वयंसेवकाचे आहे.

बारीपाड्याची वाट

हे अशक्य आहे काय? उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. याच मतदारसंघात, साक्री तालुक्यात, बारीपाडा नावाचा छोटा पाडा आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथील डोंगर उघडे पडले होते, विहिरी आटल्या होते आणि गाव मजुरीसाठी बाहेर जात होते. उच्चशिक्षण घेतलेला गावातलाच एक तरुण, चैत्राम पवार, शहराकडे न जाता गावातच राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने गावाने स्वतःच नियम केले, कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, पाणी अडवले. आज सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल तो पाडा राखतो. तेथे रानभाज्यांचा महोत्सव भरतो. भात पिकतो, पाणी टिकते, स्थलांतर थांबले. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांना बारीपाडा प्रथमच ऐकू आला. तोवर तीन दशकांचे काम उभे होते.

बारीपाड्याला कुणी बालेकिल्ला म्हणत नाही, कारण तेथे कुणी कुणाचा किल्लेदार नाही. तेथील माणसाने आपले जंगल मोजले, आपले पाणी मोजले आणि आपले बळही ओळखले. नंदुरबारच्या राजकारणाला अर्धशतकात जे उमगले नाही, ते एका पाड्याने करून दाखवले : वनवासीला उपकारकर्ता नको असतो, सोबती हवा असतो.

निवडणुका येतील आणि जातील. कधी हा झेंडा लागेल, कधी तो. पण पुढच्या फेब्रुवारीत उसाच्या फडातल्या पालावर कंदिलाच्या उजेडात एखादे कुटुंब भाकर खात बसलेले असेल, तेव्हा त्याच्या शेजारी वही घेऊन बसलेला, त्याचे नाव, त्याचे गाव, त्याची बोली नीट लिहून घ्यावी म्हणून झटणारा माणूस कोण असेल? तो ज्यांच्यातला असेल, सातपुडा त्यांना आपले म्हणेल. टेंभलीला हेलिकॉप्टर एकदाच उतरले. पाड्यावर मात्र पायीच जावे लागते, आणि पुन्हा पुन्हा जावे लागते.